नऊ ओळींचा प्रलय

1920 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'हार्पर्स' मासिकात रॉबर्ट फ्रॉस्टची एक कविता छापून आली. नाव 'फायर अँड आइस'. एकच कडवं, नऊ ओळी, सगळे मिळून 51 शब्द. जग कशानं संपेल याबद्दलची दोन मतं ती सुरुवातीलाच समोर ठेवते, एक आगीचं आणि एक बर्फाचं. बोलणाऱ्या माणसाच्या गाठीशी वासनेचा अनुभव आहे, म्हणून त्याचा कौल आगीला जातो. पण जगावर दुसऱ्यांदा नष्ट व्हायची पाळी आली तर काय, हाही विचार त्याच्या मनात येतो. द्वेषाशी आपली पुरेशी ओळख आहे असं त्याला वाटतं, आणि तेवढ्या बळावर बर्फही या कामात कमी पडणार नाही, असा निर्वाळा देऊन तो थांबतो.

ही कविता 1923 साली 'न्यू हॅम्पशायर' या संग्रहात आली. पुढच्या वर्षी संग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळालं, फ्रॉस्टच्या चार पुलित्झरांपैकी पहिलं. तेव्हापासून शंभर वर्षं ती वाचली जाते आहे, आणि तिच्याबद्दल दोन वाचकांचं एकमत होणं अवघड होऊन बसलं आहे. एकाला ती खगोलशास्त्रावरची वाटते, दुसऱ्याला पापपुण्यावरची. कुणी ती वाचून हसतो, कुणाच्या अंगावर काटा येतो. एवढ्याशा कवितेत इतकी जागा आली कुठून, हा प्रश्न मला तिच्या 'खऱ्या' अर्थापेक्षा मोलाचा वाटतो.

आधी तिचा देह पाहू. 51 पैकी 43 शब्द एकावयवी आहेत, म्हणजे एका झटक्यात उच्चारून होणारे. रोजच्या बोलण्यातले, इंग्रजी शिकणाऱ्या मुलालाही अडणार नाहीत असे. तीन अवयवांचा शब्द सबंध कवितेत एकच आहे, आणि तो आहे विनाशासाठीचा. जीभ तेवढ्या एका ठिकाणी रेंगाळते, बाकी सगळीकडे झपाझप चालते. नऊपैकी सहा ओळी चार आघातांच्या आहेत, तर दुसरी, आठवी आणि नववी अवघ्या दोन आघातांच्या. शेवटच्या दोन्ही ओळी आखूड असल्यामुळे बोलणं एकदम आवरतं घेतल्यासारखं होतं. यमकं तीनच, आणि तीच फिरून फिरून येतात. इतक्या कमी जागेत उद्गारचिन्ह नाही, आक्रोश नाही, एकही भडक चित्र नाही. जळणारं शहर नाही की गोठलेला समुद्र नाही. जगबुडीबद्दल बोलणारा हा माणूस आवाजसुद्धा चढवत नाही. आता हा शांतपणा कशाचा समजायचा, हे कविता सांगत नाही. मतभेदाला सुरुवात होते ती इथे.

सगळ्यात ठाम दावा एका शास्त्रज्ञाचा आहे. हार्लो शॅप्ली हे विसाव्या शतकातल्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक. आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. 1960 साली विज्ञान आणि कला या विषयावर बोलताना त्यांनी एक आठवण सांगितली. कविता छापून येण्याच्या साधारण वर्षभर आधी फ्रॉस्ट त्यांना भेटला होता आणि जगाचा शेवट कसा होईल, असं त्यानं विचारलं होतं. शॅप्लींनी दोन शक्यता सांगितल्या. सूर्याचा स्फोट होऊन पृथ्वी जळून जाईल, किंवा त्यातून कशीबशी निसटली तर अंतराळात हळूहळू गोठत जाईल. वर्षभरानं ती कविता छापलेली पाहून त्यांना आश्चर्य वाटलं. विज्ञान कवितेला कसं जन्म देतं, किंवा निदान तिचा अर्थ कसा उजळवतं, याचा दाखला म्हणून ते ही हकिगत सांगत.

त्या काळाच्या हवेत हे दोन्ही शेवट होतेच. लॉर्ड केल्व्हिननं 1852 मध्येच मांडलं होतं की विश्वातली उपयोगी ऊर्जा सतत विखरत चालली आहे. त्यातून विश्व अखेर थंड पडेल ही कल्पना सुशिक्षितांत रुजली. एच. जी. वेल्सच्या 1895 च्या 'टाइम मशीन' कादंबरीत काळाच्या पार टोकाला पोहोचलेला प्रवासी लालसर सूर्याखाली, निर्मनुष्य किनाऱ्यावर, बर्फाचे कण पडताना पाहतो. सूर्य जळतो तरी कशावर, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कविता छापून आली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, कार्डिफच्या सभेत आर्थर एडिंग्टननं हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर होताना ही ऊर्जा मिळत असावी, असा तर्क मांडला. आज आपल्याला माहीत असलेली गोष्ट अशी: साधारण पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून लाल राक्षसी तारा होईल, त्याच्या कितीतरी आधी पृथ्वीवरचे समुद्र उकळून गेलेले असतील, आणि पुढे सूर्याचा उरलेला गाभा श्वेतखुजा तारा होऊन अब्जावधी वर्षं निवत राहील. आधी आग, मग गारठा. विज्ञानाचा विद्यार्थी ही कविता वाचून खूश होतो तो यामुळे, आणि त्याचा आनंद मला अगदी रास्त वाटतो.

तरीही शॅप्लींच्या दाव्यातून कवितेचा मधला भाग सुटतो. सूर्याचं इंधन सांगायला वासनेची साक्ष कशाला लागते? पृथ्वी गोठेल हे पटवायला द्वेष माहीत असावा लागत नाही. शॅप्लींनी फ्रॉस्टला दोन शेवट दिले असतील, मी ते नाकारत नाही. पण त्यांनी दिली ती पहिल्या दोन ओळींची सामग्री. तिसऱ्या ओळीपासून माणूस आकाशाकडे पाठ फिरवतो आणि स्वतःकडे पाहू लागतो.

स्वतःकडे पाहणाऱ्या या भागाची किल्ली काही अभ्यासकांना इटलीत सापडली. जॉन सेरिओ यांनी 1999 मध्ये असं मांडलं की ही कविता म्हणजे दान्तेच्या 'इन्फर्नो'चा अर्क आहे. दान्तेच्या नरकाला नऊ वर्तुळं, इथे नऊ ओळी. तो नरक खाली निमुळता होत जातो, इथेही तळाच्या ओळी आखूड होतात. दान्तेची तीन-तीन ओळींची गुंफण आणि फ्रॉस्टची तीन यमकांची वीण एकमेकींच्या जवळ जातात. आणि मुख्य म्हणजे नरकाच्या अगदी तळाशी आग नाहीच, गोठलेलं सरोवर आहे. विश्वासघातकी माणसं तिथे बर्फात रुतलेली आहेत, आणि सैतानाच्या पंखांच्या वाऱ्यानं ते सरोवर गोठलेलं राहतं.

ज्यानं दान्ते वाचला आहे त्याच्या कानाला फ्रॉस्टच्या शेवटच्या दोन ओळी वेगळ्याच लागतात. इतरांना वाटतं, हा माणूस आगीला पहिला नंबर देतो आणि बर्फाला उत्तेजनार्थ बक्षीस. दान्तेच्या वाचकाला मात्र बर्फ खालच्या, म्हणजे जास्त वाईट पायरीवर दिसतो. वासनेनं वाहून गेलेला माणूस दुबळा, पण थंड डोक्यानं विश्वास मोडणारा त्याच्यापेक्षा पुष्कळ अधम, हा दान्तेचा क्रम ऍरिस्टॉटलच्या नीतिविचारातून आलेला आहे. मला हे वाचन आवडतं, मात्र एका जागी ते तंतोतंत बसत नाही. कामवासनेच्या पाप्यांना दान्तेनं नरकात आगीत टाकलेलं नाही, त्यांना एक कधीच न थांबणारं वादळ भिरकावत असतं. वासनेसाठीची आग भेटते ती पुढे, 'पुर्गातोरिओ'च्या शेवटच्या सज्ज्यावर, आणि तिथे ती शुद्ध करणारी आग आहे. कविता दान्तेचा नकाशा नाही. दान्तेची सावली तिच्यावर पडली आहे, इतकंच म्हणावं.

चरित्र चाळणारे वाचक आणखी तिसरीकडे जातात. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. फ्रॉस्टचा जिवलग मित्र, इंग्लिश कवी एडवर्ड थॉमस, एप्रिल 1917 मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला होता. 1920 मध्येच फ्रॉस्टच्या बहिणीला, जीनीला, मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. यातलं काहीही कवितेत नाही. मात्र विनाश कसा होतो याची 'चव' आणि 'ओळख' असल्याचा दावा करणारा माणूस त्या वर्षी हवेत बोलत नव्हता, एवढं समजायला ही माहिती उपयोगी पडते.

आता स्वराकडे येतो, कारण माझ्या मते खरा तंटा तिथेच आहे. जगाच्या अंतावर दोन मतं ऐकून घेऊन आपला कौल देणारा हा माणूस गावच्या पारावर बसून बोलावं तसा बोलतो. ज्याला यात गंमत ऐकू येते तो म्हणतो, फ्रॉस्ट भविष्य सांगणाऱ्यांची टर उडवतो आहे. ज्याला भीती ऐकू येते तो म्हणतो, इतक्या निवांतपणे हे बोलता येणं हीच भयंकर गोष्ट आहे, द्वेषाचा गारठा त्या आवाजातच उतरला आहे. शब्द दोघांचे तेच. दोघांनी ऐकलेला आवाज निराळा.

आणि आवाज हेच तर फ्रॉस्टच्या काव्यविचाराचं मर्म होतं. 1913 मध्ये इंग्लंडमधून त्यानं आपला जुना विद्यार्थी जॉन बार्टलेट याला एक पत्र लिहिलं. बंद दाराआड दोन माणसं बोलत असतील तर शब्द कळत नाहीत, पण ती भांडताहेत, विनवताहेत की थट्टा करताहेत हे चढउतारावरून कळतं. वाक्याचा अर्थ आधी त्या चढउतारात असतो, अशी त्याची धारणा होती. हे मानलं तर एक अडचण उभी राहते. छापील पानावर शब्द येतात, दाराआडचा आवाज येत नाही. तो वाचकानं आपल्या कानातून पुरवायचा. साध्या शब्दांच्या कवितेत हे काम जास्त अवघड होतं, कारण अलंकारिक भाषा निदान 'इथे गंभीर व्हा' अशी खूण तरी करते.

फ्रॉस्टबद्दलच्या या दुफळीचा एक जाहीर प्रसंग घडला 26 मार्च 1959 रोजी. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात त्याच्या 85 व्या वाढदिवसाची मेजवानी होती. तोवर तो सगळ्या देशाचा लाडका आजोबा झाला होता, शेतांचा, दगडी कुंपणांचा, हिमवर्षावाचा प्रेमळ कवी. प्रमुख वक्ते होते समीक्षक लायोनेल ट्रिलिंग. त्यांनी सांगितलं की त्यांना फ्रॉस्ट हा दहशत बसवणारा कवी वाटतो, त्यानं कल्पिलेलं विश्व भयाण आहे. सॉफोक्लिसशी त्यांनी त्याची तुलना केली. ट्रिलिंग यांनी दाखले दिले ते दुसऱ्या कवितांचे, पण सभेत चुळबुळ झाली आणि पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपुरवणीत जे. डोनाल्ड अॅडम्स यांनी त्यांचा खरपूस समाचार घेतला. वाचकांची पत्रं आली, बहुतेक ट्रिलिंगवर तुटून पडणारी. आपला कवी कुणीतरी पळवून नेतो आहे, असं त्या वाचकांना वाटलं असणार. स्वतः फ्रॉस्टनं ट्रिलिंगला लिहिलेल्या पत्रात राग नव्हता. शंभर वर्षं ज्या कवितेच्या स्वरावर वाद चालतो तिच्या कवीनं 'दोघांपैकी कुणाचं बरोबर' हे सांगायचं टाळलं, यात मला त्याचा शहाणपणा दिसतो.

वाचक असे का फाटतात, याचा शोध घेणारे दोन प्रयत्न इथे सांगायलाच हवेत. पहिला केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि वाटलं ते लिहून आणायला सांगितलं. अशा 13 कवितांवरची टिपणं 1929 च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात आहेत. साहित्याची शिकलेली मुलं साधा वाच्यार्थ चुकतात, ठरीव भावना ठरीव शब्दांना चिकटवतात, स्वतःच्या आयुष्यातली असंबद्ध आठवण कवितेवर लादतात, श्रद्धेला धक्का लागला की कविताच वाईट ठरवतात, हे त्यांनी उघड केलं. रिचर्ड्स यांचा कल हे दोष दूर करण्याकडे होता.

दुसरा प्रयत्न लुइझ रोझेनब्लॅट यांचा, आणि तो आपल्या विषयाच्या फारच जवळचा आहे. त्यांनीही वाचकांना कवीचं नाव न देता एक कविता दिली आणि वाचता वाचता मनात येईल ते लगेच लिहा असं सांगितलं. कविता फ्रॉस्टचीच होती, 'इट बिड्स प्रिटी फेअर', अवघ्या चार ओळींची, आणि तीही जगाच्या शेवटाभोवती फिरणारी. वरवर पाहता तिच्यात एक नाटक आहे. प्रयोग दीर्घकाळ चालणार, नटांची भांडणं मनावर घ्यायची नाहीत, काळजी फक्त सूर्याची, म्हणजे प्रकाशयोजनेची. काही वाचकांनी सुरुवात केली नाट्यनिर्मात्यापासून. कंपनीतलं कुणीतरी कुणालातरी धीर देतंय असं त्यांनी लिहिलं. सूर्यापाशी ते अडखळले. नाटकाच्या दिव्यांसाठी सूर्य कशाला? तिथून मागे वळून त्यांनी पुन्हा वाचलं, आणि रंगमंच जगाएवढा झाला, भांडणारे नट म्हणजे माणसं झाली. रोझेनब्लॅट यांना रस होता तो या मागे वळण्यात. कविता ही कागदावर पडून असलेली वस्तू नसून वाचक आणि मजकूर यांच्यात घडणारी घटना आहे, हा त्यांचा सिद्धांत. पण मजकूर वाचकाला हवं तिकडे जाऊ देत नाही, सूर्यासारखा एखादा खडा मध्ये येतोच, हेही त्याच टिपणांतून दिसतं. 'फायर अँड आइस'मधला असा खडा म्हणजे वासना आणि द्वेष यांची नावं. जे वाचन त्यांना वळसा घालून जातं ते कितीही मनोरंजक असलं तरी अर्धं राहतं.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश'मध्ये सूर्य मावळल्याचं एक साधं विधान घेतलं आणि ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ कसा बदलतो ते दाखवलं. सैन्यातल्याला ती हल्ल्याची वेळ, प्रियकराला भेटायला निघालेलीला निघायची, गुराख्याला गुरं वळवायची, कर्मठाला संध्येची. मम्मट यात कुणालाच चूक ठरवत नाही. त्याच्या दृष्टीनं ती शब्दांची ताकद आहे.

काळ बदलतो तसा ऐकणाराही बदलतो. 1983 मध्ये रिचर्ड टर्को, कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुयुद्धानंतरच्या हवामानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जळणाऱ्या शहरांची काजळी आकाश झाकेल, सूर्यप्रकाश अडेल आणि भर उन्हाळ्यात जमीन गोठेल, असं त्यात होतं. त्यानंतर ही कविता वाचणाऱ्याला आग आणि बर्फ हे पर्याय उरले नाहीत, एकापाठोपाठ एक येणारे टप्पे झाले. पुढे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या कादंबरीमालेच्या बर्फ-आगीच्या नावामागे फ्रॉस्टच्या कवितेचाही वाटा असल्याचं सांगितलं. आग म्हणजे प्रेम आणि उत्कटता, बर्फ म्हणजे सूड आणि दगा, असा त्यांचा अर्थ. स्टेफनी मेयर यांनी 'एक्लिप्स' या 2007 च्या कादंबरीच्या सुरुवातीला ही कविता घातली, आणि लाखो किशोरवयीन वाचकांना ती प्रथम भेटली ती प्रेमत्रिकोणाच्या दारात. जाणकारांनी यावर नाक मुरडू नये असं मला मनापासून वाटतं. वासनेच्या ओळीजवळ ती मुलं सरळ पोहोचली, शॅप्ली नाही पोहोचले.

मराठी वाचक या कवितेपाशी येतो तेव्हा त्याच्याजवळ काय असतं? प्रलयाची त्याची कल्पना पुराणांतली. 'विष्णुपुराणा'त आधी अवर्षण, मग सात सूर्य तळपून सगळं जाळतात, मग मेघ वर्षानुवर्षं कोसळून सगळं बुडवतात. आग आहे, पाणी आहे, बर्फ नाही. आपल्याकडे द्वेषही जळतो, गोठत नाही. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला गारठा घरात शिरून मारतो हे अंगानं ठाऊक असतं. फ्रॉस्टनं न्यू हॅम्पशायरमधल्या डेरी इथे वर्षानुवर्षं शेती करत ते हिवाळे काढले होते. आपल्या उन्हाळ्यात बर्फ म्हणजे सुख. म्हणून मराठी वाचकाला पहिली जोडी लगेच पटते आणि दुसऱ्या जोडीपाशी तो थबकतो. हे थबकणं चांगलं आहे. ज्यानं नात्यातला अबोला पाहिला आहे, एकाच वाड्यात दोन भावांनी वीस वर्षं एकमेकांच्या दारावरून न बोलता जाणं पाहिलं आहे, त्याला हा गारठा शेवटी कळतो, बर्फ न पाहताही.

पण त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे, जी अमेरिकन वाचकाकडे नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात इच्छा आणि द्वेष यांचा एकत्र उल्लेख येतो, सगळी भूतमात्रं या दोहोंतून उपजलेल्या द्वंद्वाच्या मोहात सापडतात, असा. ज्ञानेश्वरांनी तिथे एक सबंध कुटुंब उभं केलं आहे. अहंकार आणि देह यांची प्रीती जडते, त्यांना इच्छा नावाची मुलगी होते. ती कामाच्या तारुण्यात येते आणि तिचं लग्न लागतं द्वेषाशी. या जोडप्याला द्वंद्वमोह हा मुलगा होतो, आणि त्याला लहानाचा मोठा करतो त्याचा आजोबा, अहंकार. मग हा पोरगा माणसाच्या सरळ वाटेवर काटे पसरत सुटतो.

हे वाचलेला मराठी वाचक फ्रॉस्टकडे परत जातो तेव्हा त्याला वेगळाच प्रश्न पडतो. फ्रॉस्टच्या कवितेत वासना आणि द्वेष हे दोन वेगळ्या विनाशांचे कर्ते आहेत, एकाचं काम झाल्यावर दुसऱ्याची पाळी. ज्ञानेश्वरांच्या घरात ते नवराबायको आहेत, एका मांडवाखालचे. मग दुसऱ्यांदा मरायची वेळ खरंच वेगळी येते का, की पहिल्याच आगीत तो गारठा होता? आणि ज्ञानेश्वरांनी सगळ्याच्या मुळाशी बसवलेला तो आजोबा फ्रॉस्टच्या कवितेत कुठे आहे? शोधला तर सापडतो. पहिल्या दोन ओळींत फक्त 'लोक' बोलतात. तिसऱ्या ओळीत 'मी' येतो, चौथीत पुन्हा, आणि सहाव्या ओळीत, जिथे द्वेषाचं नाव निघतं, तिथे एकाच दमात दोनदा. 51 शब्दांत चार वेळा.